आकाशाकडे अँटेना, पायाखाली कातळ

रत्नागिरी-राजापूरकडचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, बघितले की वाटतं, रेडिओ दुर्बिणीला जागा असावी तर अशी. उघडं आकाश, दूरवर घर नाही, झाड नाही. पण विश्वातला आदिम हायड्रोजन शोधणाऱ्याने इथे अँटेना मांडू नये. का, ते सड्यावर विहीर खणणाऱ्याला माहीत असतं: वर जांभा, खाली मऊ चिकणमाती, त्याखाली काळा पत्थर.

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवलं आणि इलेक्ट्रॉन-प्रोटॉन एकत्र येऊन उदासीन हायड्रोजन तयार झाला. तारे अजून जन्मायचे होते. या अणूतल्या इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की २१ सेंटिमीटरची रेडिओलहर निघते. एकट्या अणूला त्यासाठी सरासरी १ कोटीहून अधिक वर्षं लागतात, पण अणूंनाही काही तोटा नव्हता! पुढे पहिले तारे पेटले. त्यांच्या अतिनील किरणांमुळे हा थंड वायू महास्फोटाच्या उरलेल्या प्रारणातून नेमकी हीच लहर शोषू लागला. म्हणजे त्या जागी वर्णपटात खाच पडायला हवी. विश्व प्रसरण पावत गेलं तशी लहरही ताणली गेली; आज ती काही मीटर लांबीची आहे, आपल्या एफएम पट्ट्याच्या जरा खाली.

२०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या 'एजेस' प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला अशी खाच सापडल्याचं जाहीर केलं. ती अपेक्षेच्या दुपटीहून खोल होती. लगेच कृष्णद्रव्याच्या, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाच्या, नव्या गुणधर्मांवर लेख येऊ लागले. जरा घाईच झाली म्हणायची.

कारण आपल्या आकाशगंगेचाच रेडिओ गोंगाट या खाचेच्या हजारो पट आहे. त्यात अँटेना थोडी खालीही 'बघते'. जमिनीत शिरलेली लहर दोन थरांच्या सीमेवरून परतते, वरून आलेल्या लहरीत मिसळते आणि वर्णपटात बारीक चढउतार उमटवते. ते खाचेसारखेच दिसू शकतात. आपल्या सड्याची अडचण हीच.

बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने मग जमीनच सोडली. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी 'सारस-३' ही अँटेना तराफ्यावर चढवून कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये तरंगत ठेवली. पाण्यात थर नाहीत. वरपासून तळापर्यंत जवळपास एकच माध्यम. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: 'एजेस'ने सांगितलेली खाच इथे दिसत नाही, खात्री ९५.३ टक्के.

मग आपली खाडी काय वाईट? खारं पाणी तर आणखी सोयीचं, या लहरी त्यात मीटरभरही शिरत नाहीत, तळाचा प्रश्नच मिटला. पण दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, वर लाटा, होड्यांचे वायरलेस आणि शेजारच्या शहराचं एफएम. स्वस्थ तळंच बरं.

खरी खाच अजून कुणालाही खात्रीने सापडलेली नाही. याच संस्थेचा पुढचा प्रस्ताव आहे 'प्रत्यूष': चंद्राभोवती फिरणारी अँटेना. ती चंद्राच्या मागे गेली की पृथ्वीवरची सगळी एफएम केंद्रं आडोशाला जातील आणि तेवढ्या वेळात मोजमाप उरकायचं.