३०८ की ६.५ क्रीडमूर? वाद नवा, माप सव्वाशे वर्षं जुनं

म्हापसा-फोंड्याकडे लांब पल्ल्याच्या शूटिंगचे व्हिडिओ बघणारी चार पोरं जमली की हा वाद ठरलेला, रायफलीच्या काडतुसांत ३०८ विंचेस्टर भारी की ६.५ क्रीडमूर (३०८ म्हणजे इंचाचे हजारावे भाग, जाड गोळी; ६.५ म्हणजे मिलिमीटर, बारीक गोळी), आणि त्यात कोणीतरी म्हणतंच की ६.५ हे नवीन फॅड आहे, २००७ ला आलं. काडतूस २००७ चं हे खरं, पण माप किती जुनं आहे बघा, तेव्हा आपला गोवा ज्या पोर्तुगालच्या ताब्यात होता त्यांच्या सैन्याने १९०४ मध्येच ६.५ मिलिमीटरची माउझर-व्हर्गेरो रायफल घेतली होती. व्हर्गेरो हा त्यांचाच ऑफिसर, बोल्ट त्याने सुधारलेला.

आणि पोर्तुगाल त्यात एकटं नव्हतं. १८८४ ला फ्रान्समध्ये व्हिएय नावाच्या केमिस्टने बिनधुराची बंदुकीची दारू काढली, त्याआधी काळ्या दारूवर ११ मिलिमीटरच्या जाड गोळ्या चालायच्या, आता बारीक गोळी जोरात फेकता यायला लागली. मग इटली, स्वीडन-नॉर्वे, जपान, ग्रीस सगळे एकामागून एक ६.५ वर आले. स्वीडन-नॉर्वेचं ६.५ बाय ५५ (५५ मिलिमीटर ही केसची, म्हणजे दारू भरायच्या पितळी नळकांड्याची लांबी) तर १८९४ चं, आणि आजही लोक ते मॅचला वापरतात! कारण साधं आहे, तेवढ्याच वजनाची गोळी बारीक नळीसाठी केली की ती लांब होते, आणि मांडवीत अरुंद होडी बार्जपेक्षा जशी पाणी कापत जाते तशी ही हवा कापते, वेग टिकतो, वारा कमी ढकलतो. तेव्हाच्या गोळ्या मात्र गोल टोकाच्या होत्या. फ्रेंचांनी १८९८ ला टोकदार गोळी आणली आणि मग सगळीकडे तेच सुरू झालं.

मग ६.५ मागे का पडलं? नेमबाजीमुळे नाहीच, युद्धामुळे. मशीनगनला मोठी गोळी हवी होती आणि दोन-दोन मापांची काडतुसं सांभाळणं सैन्याला जड जायचं. जपान ७.७ कडे वळला, पोर्तुगालने १९३७ ला ७.९२ ची माउझर घेतली. अमेरिकेच्या सैन्याचं ३०-०६ काडतूस तर १९०६ पासून होतंच, त्याची ६३ मिलिमीटरची पितळी केस ५१ वर आणून नव्या दारूत जवळपास तेवढाच जोर काढला, तेच १९५२ चं ३०८, आणि १९५४ ला त्याचाच भाऊ ७.६२ नाटोचं माप झाला. सैन्याने घेतलं म्हणजे काडतूस स्वस्त, नळी हजारो राऊंड टिकते, रायफली भरपूर, म्हणून शूटर लोक तिकडे गेले. लांबवरच्या वाऱ्याचा विचार करून हे माप कोणी निवडलंच नव्हतं हो.

ते १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, उघडं पडतं. ३०८ ची गाजलेली १६८ ग्रेनची, म्हणजे साधारण ११ ग्रॅमची, मॅच गोळी मुळात ३०० मीटरसाठी केलेली, ती १००० यार्डांपर्यंत जाता जाता आवाजाच्या वेगाला येते आणि तिथे डगमगते, म्हणून पुढे १७५ ग्रेनची आली. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असेल तर त्या अंतरावर १७५ ची गोळी अंदाजे ८ फूट सरकते, क्रीडमूरची १४० ग्रेनवाली ६ फुटांच्या आतबाहेर. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी कोण वाचेल ते इथेच कळतं.

१९९७ ला ३०८ चीच केस ६.५ ला बारीक करून २६० रेमिंग्टन आलं, पण लांब गोळी मॅगझिनमध्ये बसवायची तर ती केसमध्ये खोल दाबावी लागायची. अमेरिकेच्या हॉर्नडी या काडतुसांच्या कंपनीच्या लोकांनी क्रीडमूर करताना केसच ४९ मिलिमीटरच्या आत ठेवली, गोळीला बाहेर जागा दिली, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीला डब्यावरच दारूचा प्रकार आणि वजन छापलं, म्हणजे स्वतः काडतूस भरणाऱ्याने घरी तसंच भरावं. कंपनीने आपली रेसिपी अशी उघडी ठेवणं ही लहान गोष्ट नाही.

क्रीडमूर हे नाव घेतलं न्यूयॉर्कजवळच्या जुन्या रेंजचं. तिथे १८७४ ला आयरिश टीम ८००, ९०० आणि १००० यार्डांवर अमेरिकेशी भिडली, आयरिश लोकांकडे तोंडाकडून भरायच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या. स्कोअर ९३४-९३१. एका आयरिश शूटरने सुंदर बुल (टार्गेटचा मधला गोल) मारला तो दुसऱ्याच्याच टार्गेटवर, ते पॉइंट गेले आणि मॅच ३ पॉइंटांनी गेली. त्याच टीममध्ये डब्लिनचे बंदूकवाले जॉन रिग्बी होते, आणि त्यांच्याच घराण्याच्या कंपनीच्या १९११ च्या ४१६ रिग्बीची केस धरून पुढे १९८९ ला ३३८ लापुआ मॅग्नम तयार झालं. हे दीड किलोमीटरच्या आसपासच्या कामाचं, आपल्या सैन्याने २०१९ ला एलओसीसाठी ३३८ च्या रायफली घेतल्या त्या यासाठीच, तिथल्या उंचीवर हवा विरळ म्हणून गोळी अजून लांब जाते. आपल्या किनाऱ्यावर तसं होणार नाही, म्हणून तिथले आकडे इथे लावून वाद घालू नका.

सत्तरी-काणकोणात शेतराखणीच्या लायसनवर असते ती बाराबोर, तिचा या सगळ्याशी संबंध नाही. थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ सैन्याची मापं म्हणून साध्या लायसनवर मिळतही नाहीत. आणि ज्या ३०० मीटरसाठी ती १६८ ची गोळी केली होती, तिथे जगातले शूटर आज बहुतेक ६ मिलिमीटरचं नॉर्मा बीआर काडतूस वापरतात, म्हणजे अजून बारीक.