व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन: कागदाशी जुळणं आणि जगाशी जुळणं

१४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्साच्या विमानतळावर लुफ्तान्साचं एअरबस ए-३२० पावसात उतरलं. बाजूने वारा असेल या हिशोबाने वैमानिकांनी विमान किंचित कललेलं ठेवलं होतं. उजवी चाकं आधी टेकली, डावी सुमारे नऊ सेकंदांनी. पंखांवरचे स्पॉयलर (उतरल्यावर उभे राहून विमानाला जमिनीवर दाबणाऱ्या आणि वेग कमी करणाऱ्या पट्ट्या) कधी उघडायचे याचा नियम सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला होता: दोन्ही मुख्य लँडिंग गिअरवर प्रत्येकी निदान ६.३ टन भार यायला हवा, नाहीतर चाकं ७२ नॉटपेक्षा जास्त वेगाने फिरायला हवीत. इथे एका बाजूवर भार नव्हता, आणि ओल्या धावपट्टीवर चाकं फिरण्याऐवजी पाण्याच्या थरावरून घसरत होती. तेव्हा विमान अजून हवेतच आहे, असा निष्कर्ष यंत्रणेने काढला आणि स्पॉयलर वेळेवर उघडले नाहीत. विमान धावपट्टीपलीकडच्या मातीच्या बांधावर आदळलं. दोघांचा जीव गेला.

उतरण्याचा वेग जास्त होता आणि वाऱ्याची मिळालेली माहितीही प्रत्यक्षाशी जुळत नव्हती, त्यामुळे सगळा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारणं योग्य नाही. पण सॉफ्टवेअरपुरतं बोलायचं तर त्यात बग नव्हता. सांगितलं होतं तेच त्याने केलं.

आता सहा वर्षांनंतरची दुसरी घटना पाहा. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोहोचलं आणि ठरल्यापेक्षा फारच खालून गेल्यामुळे गमावलं गेलं. यानाच्या छोट्या थ्रस्टरनी दिलेल्या धक्क्यांचे आकडे जमिनीवरचा एक प्रोग्रॅम पाउंड-सेकंदात देत होता, आणि ते वाचणारी यंत्रणा त्यांना न्यूटन-सेकंद समजत होती. फरक सुमारे ४.४५ पट. आकडे न्यूटन-सेकंदात द्यायचे, हे स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने काय करायचं ते ठरवणाऱ्या कागदात, स्पष्ट लिहिलेलं होतं.

दोन्हींना आपण सरसकट ‘सॉफ्टवेअरची चूक’ म्हणतो, पण या चुकांची जात वेगळी आहे. मंगळाच्या बाबतीत कागद बरोबर होता, प्रोग्रॅम कागदाप्रमाणे नव्हता. कागद शेजारी ठेवून प्रोग्रॅमने दिलेली आकड्यांची फाइल तपासली असती तर चूक सापडली असती. ही तपासणी म्हणजे व्हेरिफिकेशन. वॉर्सात प्रोग्रॅम कागदाप्रमाणेच होता, कागदच त्या दिवशीच्या धावपट्टीला पुरा पडला नाही. तिथे हजार वेळा व्हेरिफिकेशन केलं असतं तरी हजार वेळा ‘पास’च आलं असतं. कागद जगाला पुरतो का हे पाहणं म्हणजे व्हॅलिडेशन.

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतले अभ्यासक बॅरी बोएम यांनी हाच फरक दोन प्रश्नांत मांडला होता: आपण वस्तू बरोबर बनवतोय का, आणि आपण बरोबर वस्तू बनवतोय का? मुलाखतीत ही वाक्यं घडाघडा म्हणणारे पुष्कळ जण प्रत्यक्षात दोन्ही कामं एकाच एक्सेल शीटमध्ये उरकतात, ही गोष्ट वेगळी.

गोंधळ वाढवणारं आणखी एक सूत्र शिकवण्यांमधून फिरतं: कोड न चालवता तपासलं की व्हेरिफिकेशन, चालवून तपासलं की व्हॅलिडेशन. हे सोडून द्यावं. युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकेक छोटा भाग सुटा तपासताना) कोड चालतो, तरी ते व्हेरिफिकेशनच. कारण अपेक्षित उत्तर स्पेसिफिकेशनमधून आलेलं असतं. उलट कोडची एक ओळही लिहिण्याआधी कागदावर काढलेला स्क्रीन नर्सला दाखवून ‘रात्रपाळीत एका हाताने हे भरता येईल का?’ असं विचारलं, तर ते व्हॅलिडेशन झालं. कोड चालला की नाही याला महत्त्व नाही. तुलना कशाशी केली, एवढंच विचारायचं.

तुलना कशाशी यावरूनच दोन्ही कामांचा स्वभाव ठरतो. व्हेरिफिकेशनच्या दोन्ही बाजू, कागद आणि कोड, आपल्या हातातल्या असतात, म्हणून ते मोजता येतं, आपोआप चालवता येतं, आणि क्वचित गणिताने सिद्धही करता येतं. एसईएलफोर या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचं, म्हणजे तिच्या गाभ्याचं, तसं झालं. २००९ मध्ये संशोधकांनी त्याचा सी भाषेतला सुमारे ८,७०० ओळींचा कोड स्पेसिफिकेशनशी तंतोतंत जुळतो, हे यंत्राकडून तपासून घेतलेल्या पुराव्याने दाखवलं. पुरावा जवळपास दोन लाख ओळींचा होता. काम थोरच. पण स्पेसिफिकेशनमध्येच काही राहून गेलं असेल, तर ते हा पुरावा सांगू शकत नाही. व्हॅलिडेशनची दुसरी बाजू म्हणजे बाहेरचं जग, आणि ते आपल्या ताब्यात नाही. म्हणून त्याला ‘पूर्ण झालं’ असा शिक्का कधीच मारता येत नाही. ‘या या परिस्थितीत पाहिलं, तिथे चाललं’ एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

माझ्या मते प्रोजेक्टमध्ये खरी फसगत होते ती इथे. जे मोजता येतं त्याचा अहवाल बनतो. इतके टेस्ट केस, इतकं कव्हरेज (कोडचा किती भाग तपासला गेला), इतके पास. व्हॅलिडेशन मग शेवटच्या आठवड्यातल्या युझर अॅक्सेप्टन्स टेस्टिंगवर, म्हणजे वापरकर्त्याने स्वीकारण्याआधी करायच्या चाचणीवर, ढकललं जातं. तिथे वापरकर्त्याच्या हातात पायरीवार स्क्रिप्ट देतात: हे बटण दाबा, हा संदेश दिसतो का पाहा. ही स्क्रिप्ट स्पेसिफिकेशनवरूनच लिहिलेली असते. म्हणजे वापरकर्त्याच्या बोटांनी पुन्हा व्हेरिफिकेशनच झालं, फक्त खाली सही त्याची आली. त्याला स्क्रिप्ट न देता त्याचं नेहमीचं काम करू द्या आणि तो कुठे अडतो ते मुकाट्याने बघा. मग व्हॅलिडेशनला सुरुवात झाली असं म्हणता येईल. तेही शेवटच्या आठवड्यात करून उपयोग नाही, कारण तेव्हा स्पेसिफिकेशन बदलण्याची कोणाचीच तयारी नसते.

सिम्युलेशनवर, म्हणजे खऱ्या घटनेची संगणकावर समीकरणांनी नक्कल करण्यावर, काम करणाऱ्यांकडे हीच जोडी थोड्या वेगळ्या रूपात आहे. समीकरणं बरोबर सोडवली का, हे व्हेरिफिकेशन. मुळात बरोबर समीकरणं सोडवली का, हे व्हॅलिडेशन. पहिल्यासाठी, गणितासाठी जागेचे तुकडे पाडणारी जाळी बारीक करत जाऊन उत्तर स्थिरावतं का ते पाहतात. दुसऱ्यासाठी प्रयोगाचे आकडे लागतात, आणि ते मॉडेल जुळवण्यासाठी वापरलेले नसावेत. ज्या आकड्यांवर गुणांक बेतले त्यांच्याशीच उत्तर जुळवून ‘मॉडेल व्हॅलिडेट केलं’ असं लिहिणारे शोधनिबंध कमी नाहीत.

दोन्हींमधली रेघ नेहमीच इतकी ठळक नसते. ४ जून १९९६ ला एरियान-५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात, इंजिनं पेटल्यावर मिनिटभराच्या आत नष्ट झालं. दिशा सांगणारी यंत्रणा एरियान-४ वरून आणलेली होती. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. त्यामुळे ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही, आणि राखीव संगणकही त्याच कोडमुळे त्याच कारणाने बंद पडला. असाच धोका असलेल्या सात चलांपैकी तिघांना संरक्षण न देण्याचा निर्णय प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी जाणूनबुजून घेतलेला होता, आणि एरियान-४ साठी तो चाललाही होता. मग चूक कोडची की कागदाची? चौकशी मंडळाला आढळलं की या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये एरियान-५ च्या उड्डाणमार्गाची माहितीच नव्हती. संपूर्ण रॉकेटच्या चाचण्यांमध्येही खऱ्या यंत्रणेऐवजी तिचं सिम्युलेशन बसवलं होतं, कारण ती आधीच पात्र ठरलेली मानली गेली. अपघातानंतर खरं सॉफ्टवेअर आणि खरा उड्डाणमार्ग एकत्र चालवून पाहिले, तेव्हा बिघाडाची तीच साखळी जशीच्या तशी पुन्हा घडली.