रेस्पिरेटरचे नियम कुठून आले

१९३० साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, हॉक्स नेस्ट इथे, डोंगराच्या पोटातून सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला. नदी वळवून वीज तयार करायची होती. खडक वालुकाश्माचा होता आणि त्यात सिलिकाचं, म्हणजे वाळू-गारगोटीतल्या खनिजाचं, प्रमाण फार मोठं. ड्रिल चालवताना पाणी मारलं तर धूळ जागीच बसते, पण काम मंदावतं, म्हणून कोरडंच ड्रिलिंग चाललं. मजूर बहुतेक दक्षिणेकडून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय. आत पाहणीला येणारे अधिकारी मास्क लावत, मजुरांना मात्र तो मिळाला नाही. सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिस या आजाराला एरवी फुप्फुसं निकामी करायला वर्षानुवर्षं लागतात. इथे धूळच इतकी होती की माणसं वर्ष-दोन वर्षांत खोकून खोकून गेली. १९३६ च्या संसदीय सुनावणीत ४७६ मृत्यूंचा आकडा आला. नंतरच्या एका अभ्यासानं तो किमान ७६४ असावा असा अंदाज मांडला.

धुळीनं माणूस मरतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. रोमन लेखक प्लिनीनं शेंदरासारख्या विषारी भुकटीत काम करणारे लोक तोंडाला जनावराचं मूत्राशय बांधतात, असं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. जर्मन अभ्यासक अ‍ॅग्रिकोलाच्या १५५६ च्या खाणकामावरच्या ग्रंथात तर कार्पेथियन पर्वतातल्या खाणींजवळ एकेका बाईनं सात-सात नवरे पुरल्याची नोंद आहे. १८५४ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन स्टेनहाउसनं कोळशाची पूड भरलेला मास्क बनवला. रेस्पिरेटरमधला, म्हणजे श्वासाचं रक्षण करणाऱ्या मास्कमधला, एक मूलभूत फरक तिथून पुढे स्पष्ट होत गेला. धूळ कापडासारख्या थरात अडकते. वायू त्यातून सरळ आरपार जातो. त्याला धरून ठेवायला कोळशासारखा सच्छिद्र पदार्थ लागतो, आणि त्याची जागा भरली की तोही हात टेकतो. धुळीचा मास्क लावून रंगाच्या किंवा सॉल्व्हंटच्या वाफेत उभं राहणं म्हणूनच धोक्याचं आहे. नाकाला आधार वाटतो, फुप्फुसाला मिळत नाही.

मास्क होते, पण ते खरंच काम करतात का हे तपासणारं बराच काळ कुणी नव्हतं. अमेरिकेच्या खाण विभागानं पहिल्या महायुद्धानंतर श्वसन उपकरणांना चाचणी घेऊन मान्यता द्यायला सुरुवात केली. धुळीच्या रेस्पिरेटरसाठीचे निकष १९३४ मध्ये आले, म्हणजे हॉक्स नेस्टचा बोगदा खणून झाल्यावर.

१९७२ मध्ये आजच्या एन९५ चा पूर्वज, वाटीच्या आकाराचा हलका मास्क, मान्यता घेऊन कामगारांपर्यंत पोचला. १९९५ च्या नियमांनी ‘एन’, ‘आर’ आणि ‘पी’ असे वर्ग केले. तेलाच्या तुषारात ‘एन’ चालत नाही. ९५ म्हणजे गाळायला सर्वांत अवघड आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवणं. यातल्या बऱ्याच गाळण्यांच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण खेचले जातात ते त्यामुळेच. असा मास्क साबणानं धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारलं तर भार उतरतो. मास्क दिसायला स्वच्छ, पण गाळणी मेलेली. कोरोनाच्या काळात घरोघरी हे किती जणांनी केलं असेल!

यापुढची पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. गाळणी कितीही चांगली असली तरी गालाजवळ फट राहिली की हवा तिथूनच आत येते, हे प्रयोगांतून सिद्ध झालं. म्हणून अमेरिकेच्या १९९८ च्या नियमांनी फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी, सक्तीची केली. मास्क घालून डोक्यावर हूड ओढायचं, आत सॅकरिनचे तुषार सोडायचे. जिभेला गोड लागलं तर मास्क गळतोय. मास्क जिथे चेहऱ्याला टेकतो तिथे दाढीची खुंटंही नकोत, हा नियमही त्यासाठीच.

पुन्हा वापरायच्या रबरी मास्कची निगाही त्याच नियमांत लिहिलेली आहे. गाळण्या काढायच्या, ४३ अंश सेल्सिअसपेक्षा गरम नसलेल्या पाण्यात सौम्य साबणानं धुवायचं, नीट खळबळून वाळवायचं. व्हॉल्व्ह, पट्टे, रबराला गेलेले तडे पाहायचे. ऊन आणि रसायनांपासून दूर, चेहऱ्याची बाजू दबणार नाही असं ठेवायचं. एकच मास्क दुसऱ्यानं वापरायचा असेल तर आधी निर्जंतुक करायचा.

हॉक्स नेस्टचा बोगदा युनियन कार्बाइडच्या उपकंपनीचा होता. भोपाळचा कारखानाही युनियन कार्बाइडचाच. १९८४ च्या रात्रीबद्दल सगळे जाणतात. त्याआधी, डिसेंबर १९८१ मध्ये, तिथल्या एका कामगाराच्या अंगावर दुरुस्ती करताना फॉस्जीन हे विषारी रसायन उडालं. घाबरून त्यानं मास्क ओढून काढला, वायू श्वासात गेला आणि तो दगावला. मास्क हाताशी देऊन भागत नाही. भीतीच्या क्षणी तो चेहऱ्यावर राहील इतका सराव त्या माणसाला मिळायला हवा होता. भोपाळनंतर १९८७ मध्ये आपल्या तेव्हाच्या कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं आणि संभाव्य धोक्याबद्दल बोलण्याचा हक्क कामगाराला मिळाला. धुळीच्या मास्कसाठी आपल्याकडे आयएस ९४७३ हे मानक आहे.

विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये, गटारात उतरणाऱ्यांसाठी मात्र यातलं काहीच पुरत नाही. हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की कोणतीही गाळणी तो वाढवू शकत नाही. तिथे बाहेरून नळीनं आणलेली किंवा पाठीवरच्या सिलिंडरची हवाच लागते. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो आणि तिघंही आतच राहतात, ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत अजून येते.