लोकर सावकाश कुजते, तेच बरं

मेंढी कातरताना पोटाखालची आणि शेपटीजवळची लोकर बाजूला पडते. आखूड, गुंतलेली, शेणामुतानं माखलेली. घोंगडीला ती चालत नाही, पण बागेत खत म्हणून चालते. इंदूरच्या आसपास कळप घेऊन फिरणाऱ्या मारवाडी मेंढपाळांकडे विचारून बघा. परसबागेला पसाभर लोकरही पुरते.

लोकर म्हणजे केराटिन, आपल्या नखांत-केसांत असतं तेच प्रथिन. स्वच्छ लोकरीत वजनाच्या सुमारे १६ टक्के नायट्रोजन आणि ३ ते ४ टक्के गंधक असतं. कुजलेल्या शेणखतात नायट्रोजन एखादा टक्का असला तरी पुष्कळ. पण केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना घट्ट जखडलेल्या असतात, आणि ते पूल तोडणं मोजक्याच बुरश्यांना आणि जिवाणूंना जमतं. त्यामुळे लोकरीतला नायट्रोजन महिनोन् महिने थोडाथोडा सुटत राहतो. युरियाचं तसं नाही. त्यातला बराचसा पाण्याबरोबर निघून जातो, नाही तर हवेत उडतो. चार-पाच महिने वाफ्यात उभ्या राहणाऱ्या वांग्या-टोमॅटोला लोकरीची ही संथ चालच मानवते.

कोरडी लोकर वरवर पसरू नका. तिच्यातल्या मेणामुळे पाणी ओघळून जातं. रात्रभर भिजवा, हातानं मोकळी करा आणि रोप लावताना वीतभर खोल मूठभर घाला. मग मात्र ती ओल चांगली धरते. मे महिन्यात भेगाळणाऱ्या माळव्याच्या काळ्या मातीत हे मोलाचं. कच्च्या लोकरीत घामाचे क्षार असतात, म्हणून बियांच्या ट्रेपासून ती लांबच ठेवावी. हाताळताना हातमोजे हवेतच, शिवाय नाकावर फडकं. मळक्या लोकरीतून रोगजंतू येऊ शकतात. लोकरीवरून गोगलगाय जात नाही म्हणतात. पावसात भिजून चपट्या झालेल्या लोकरीच्या बाबतीत माझा त्यावर विश्वास नाही.

कंपोस्टमध्ये घालायची तर वाळका पाला भरपूर हवा. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इथंच, इंदुरात, १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. तिच्यात सुरुवातीच्या मिश्रणात नायट्रोजनच्या एका भागाला कर्ब सुमारे ३३ भाग धरतात. लोकरीत तो जेमतेम तीन भाग असतो, बाकीचा वाळक्या पाल्यातून मिळतो. नुसत्या लोकरीचा ढीग घातलात तर अमोनियाचा वास शेजाऱ्यांपर्यंत जाईल.

जुने स्वेटरही चालतात, पण आधी एक धागा जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली, तर लोकर. वितळून टणक मणी झाला, तर ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. तो मातीत कुजायचा नाही.