सोलकढीने दाखवलेली जाळी

परवा मावशीने व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला, मी तिला घडवून दिलेल्या मातीच्या वाटीचा. आतून गुलाबी रेषांचं बारीक जाळं. खाली मेसेज, 'तडा गेलेलं भांडं घरात ठेवू नये म्हणतात, टाकू काय रे?' मग तिच्या ग्रूपवर कुणीतरी निगेटिव्ह एनर्जीचं पण काढलं. आता एनर्जीचं म्हणाल तर या वाटीत खरंच एक ताण अडकलेला होता, पण तो वास्तूतला नाही, माझ्या चुकीने आलेला.

झालं असं की आमच्याकडे न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, जळतात आणि राख ढिगाने मिळते. ती चाळून, धुवून, पांढऱ्या मातीत आणि सिलिकाच्या भुकटीत कालवून मी ग्लेझ केलं. ग्लेझ म्हणजे रंग किंवा वार्निश असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती काच असते, भांड्यावरच वितळवलेली. सिलिका म्हणजे वाळूच, आपल्या कणकवली तालुक्यात कासार्ड्याला निघते तीच. पण ती एकटी वितळायला 1700 अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं आणि माझी भट्टी 1220 ला दमते. इथे राख कामाला येते.

सिलिकात सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांचे हात धरून घट्ट जाळं करून बसलेले असतात. सोडणाच्या राखेत पोटॅशियम भरपूर, ते मध्ये घुसून काही हात सोडवतं, जाळं सैल होतं आणि कमी तापमानाला वितळतं. पांढऱ्या मातीतलं अ‍ॅल्युमिना त्या रसाला दाटपणा देतं, नाहीतर सगळं ओघळून शेल्फला चिकटलं असतं. इथपर्यंत झकास.

पण जाळं सैल म्हणजे अणूंना हलायला जागा जास्त, म्हणजे तापल्यावर ते फुगणार जास्त आणि थंड होताना आकसणार पण जास्त. साध्या खिडकीच्या काचेची 1 मीटरची पट्टी 100 अंशांनी तापवली तर साधारण 0.9 मिलिमीटर वाढते, शुद्ध सिलिकाच्या काचेची जेमतेम 0.05. म्हणजे जी गोष्ट वितळायला मदत करते तीच पुढे नडते, आणि मला या सगळ्या धंद्यात हेच सगळ्यात भारी वाटतं.

भट्टी उतरताना पाच-सहाशे अंशांच्या आसपास ग्लेझ घट्ट होतं, त्याआधी ते ओघळून स्वतःला जुळवून घेत असतं. त्यानंतर मात्र वाटी आणि ग्लेझ एकमेकांना बांधलेले, दोघांनी सारखंच आकसायला हवं. ग्लेझ जास्त आकसलं तर ते ताणलं जातं, आणि काच दाब मस्त सोसते, ताण अजिबात नाही. खळ्यात चिखल वाळताना वरचा थर आकसतो, खालची जमीन हलत नाही आणि भेगा पडतात ना, तसंच. भट्टी उघडल्यावर टिंग टिंग असा गोड आवाज येत होता, मी आपला खूश, ती प्रत्यक्षात तडकण्याची मैफल होती. तडे इतके बारीक की दिसले नाहीत, मावशीच्या सोलकढीतलं कोकम त्यात शिरलं तेव्हा दिसले.

उपाय उलटा वाटेल, पण ग्लेझमध्ये सिलिका वाढवायची आणि पोटॅशियम कमी करायचं. म्हणजे ग्लेझ वाटीपेक्षा किंचित कमी आकसतं आणि कायम दाबाखाली राहतं. फार कमी आकसलं तर कडेचे टवके उडतात, तेही पाहून झालंय.

मावशीला सांगितलं, टाकू नको, पण त्यात खायचं काही ठेवू नको, भेगांत अन्न अडकतं. आणि बाजारातली 'केमिकलविरहित' म्हणून विकतात ती चकचकीत भांडी आगळ-लोणच्याला वापरायच्या आधी ग्लेझमध्ये शिसं नाही ना ते विचारायचं, आंबटात ते उतरतं. केमिकलविरहित ग्लेझ असं काही नसतंच, सोडणाची राख पण केमिकलच.

दुसरी खेप काढली, सिलिका वाढवून. कान लावून बसलो, आवाज नाही. त्याच महिन्यात 1050 ला भाजलेल्या लाल मातीच्या चार वाट्यांचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही. कमी भाजलेली माती हवेतली ओल हळूहळू पिते आणि किंचित फुगते, मग न फुगणारं ग्लेझ पुन्हा ताणलं जातं, कधीकधी महिन्यांनी तडकतं. त्यांचा निकाल श्रावणात.