जुनी शंभर सीसी गाडी घरीच पुन्हा चालती करताय? आधी हे वाचा

आमच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. "आरएक्स-१००चा चेरी लाल मिळेल का? स्टिकर सेट आहे का?" गाडी कुठे आहे विचारलं की कळतं, ती अजून उमरेडला मामाच्या गोठ्यात उभी आहे आणि सात वर्षांत तिला किक बसलेली नाही. भाऊ, स्टिकर आहेत आमच्याकडे. पण ते आज घेऊ नका.

स्प्लेंडर, सीडी-१००, आरएक्स-१०० अशा लहान गाड्या घराच्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी, साध्या पान्यांनी पुन्हा चालत्या करता येतात. चुकतो तो क्रम.

कागद

आरएक्स-१०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ पर्यंत बनली. म्हणजे सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आज तिशीच्या आसपास. दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन पासिंग, म्हणजे तपासणी, करावं लागतं, पर्यावरण करही भरावा लागतो. त्यामुळे पैसे देण्याआधी आरसी बुक हातात घ्या. हँडलखालच्या नळीवरचा चेसिस नंबर चिंधीने पुसून बुकाशी ताडून बघा, इंजिन नंबरही. एमएच-३१, ४० किंवा ४९ असेल तर काम नागपुरातच होतं. बाहेरच्या जिल्ह्याची असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला (एनओसी) कोण आणणार ते व्यवहारातच ठरवा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि थकलेली चलानं बघा. मालकीबदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या त्याच दिवशी घ्या. नंतर माणूस फोन उचलत नाही.

पाण्यात बुडालेली गाडी

हे फक्त नागपूरकरांसाठी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. त्यातल्या काही आजही "कमी चाललेली" म्हणून विकल्या जातात. हेडलाइट उघडून मागे वाळलेला गाळ आहे का बघा, एअर फिल्टरचा डबा उघडा. ऑइल कॉफीसारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. अशी गाडी घेऊच नका असं नाही, पण भाव त्या हिशेबाने करा.

खोलताना

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलने फोटो काढा. नट-बोल्ट संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेवा आणि झाकणावर मार्करने नाव लिहा. इंजिनच्या कव्हरवरचे फुलीचे स्क्रू जपानी पद्धतीचे आहेत. साध्या पेचकसने जोर लावला की त्यांची डोकी गुळगुळीत होतात, मग छिन्नी आली. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीने ठोकला की फिरणारा पेचकस, घ्या. विकत नको असेल तर आमच्याकडून दोन दिवसांसाठी न्या.

टँक आणि कार्बोरेटर

बंद गाडीच्या दहापैकी आठ तक्रारी आम्हाला इथेच सापडतात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. आपल्या लोखंडी कूलरच्या टाकीचं दर उन्हाळ्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. इथेही तेच, फक्त आतून, न दिसता.

आधी पेट्रोल पूर्ण काढा, कॉक आणि झाकण काढा, भोकं बंद करा. टँकमध्ये कोमट पाणी आणि लिंबूसत्त्व घालून रात्रभर ठेवा. गंज जाड असेल तर मूठभर नट टाकून हलवा आणि नंतर ते मोजून बाहेर काढा. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच पेट्रोल किंवा थोडं ऑइल आत फिरवा. तसंच ठेवलं तर संध्याकाळपर्यंत नवा तांबूस थर येतो. आणि रिकामा टँक भरलेल्यापेक्षा धोकादायक असतो, कारण आत वाफ असते. वेल्डिंगवाल्याकडे तो तसाच नेऊ नका.

कार्बोरेटर खोलताना हवेचा लहान स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवा आणि किती फेऱ्यांत बसतो ते मोजा. दीड, पावणेदोन, जे येईल ते कागदावर लिहा. परत बसवताना आधी पूर्ण आत, मग तेवढेच फेरे उलटे. स्लो जेटचं, म्हणजे कमी वेगात पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी नळीचं, भोक उजेडासमोर धरून बघा. उजेडाचा ठिपका गोल दिसला पाहिजे. कचरा असेल तर वायरीतला तांब्याचा एकच तंतू घाला. टाचणी घातली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिते. ही चूक आमच्याच दुकानात, आमच्याच हातून झालेली आहे.

इंजिन

उघडू नका. किक जाम असेल तर प्लग काढून भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडा, दोन दिवस थांबा. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू पुढे-मागे करा. किकवर उभं राहू नका. सुटलं तर ऑइल बदला, प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी ठेवा आणि सुरू करून बघा. आरएक्सचा टू-टी ऑइलचा, म्हणजे पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलचा, टँक वेगळा असतो. पंप ऑइल ओढतो याची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली ऑइल मिसळा. निळा धूर आणि खडखड राहिली तरच बोअर-पिस्टनचा विचार करू.

पैसे इथे घाला

ब्रेक शू, केबल, पेट्रोलची नळी, फोर्कचे ऑइल सील, टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसत असली तरी जुना टायर दगडासारखा कडक होतो आणि पहिल्या पावसात घसरतो. ब्रेक ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

आता रंग

मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत थिनर हवेतच उडतो आणि टँकवर बारीक दाणे उमटतात. रंगवाले त्याला ऑरेंज पील म्हणतात. संत्रानगरीत राहतो म्हणून ते टँकवर मिरवायची गरज नाही. ऑगस्टमध्ये उलट, दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन, हा आपला मोसम. आरसीवर जो रंग आहे तोच ठेवा, नाहीतर पासिंगला अडाल.

सुटा भाग घ्यायला येताना जुना भाग सोबत आणा, नुसता फोटो पुरत नाही. जुना कंपनीचा भाग दुरुस्त होत असेल तर आम्ही नवा विकणार नाही. इलेक्ट्रिकचं सामान एकदा बसवलं की परत घेत नाही. रविवारी दुकान बंद असतं आणि पोळ्याच्या पाडव्यालाही, कारण त्या दिवशी आम्ही सगळे मारबतीच्या मिरवणुकीत असतो.