आयर्लंडचे सगळे जमीनदार इंग्लंडात राहत होते का?

‘आयर्लंडचे जमीनदार लंडनमध्ये बसून खंड उकळत,’ हा समज फार जुना आहे. तो निराधार नाही, कारण असे जमीनदार होतेच आणि त्यांचा कारभार एजंट पाहत. परंतु 1870 च्या सुमारास जवळपास निम्मे जमीनदार आपल्या जमिनीवर किंवा लगतच राहत होते आणि कायम देशाबाहेर राहणारे अल्पसंख्य होते. शिवाय 1849 च्या कायद्याने कर्जात बुडालेल्या इस्टेटी विक्रीला निघाल्या, तेव्हा त्या घेणारे बहुतेक आयरिशच होते. अर्थात, गावात राहणारा जमीनदार दयाळूच असे, असे मुळीच नाही. कुळांना घराबाहेर काढण्यात तेही मागे नव्हते.

पडताळणीसाठी 1876 मध्ये छापलेली जमीनमालकांची सरकारी यादी पाहावी; तीत नावापुढे पत्ता व एकर दिलेले आहेत. त्याआधीच्या जमीन-घरांच्या सरकारी मूल्यांकन-नोंदींत, म्हणजे 1847 ते 1864 दरम्यान छापलेल्या पुस्तकांत, ‘कोणाकडून जमीन भाड्याने घेतली’ असा स्वतंत्र रकाना आहे. मात्र तो जपून वाचावा, कारण मजुराच्या झोपडीपुढे तिथे अनेकदा बड्या मालकाचे नव्हे, तर शेजारच्या शेतकऱ्याचे, म्हणजे स्वतः कूळ असलेल्याचेच नाव आढळते.